शिधा की वाढलेलं ताट: रॉ आणि जेपेग यांतली निवड

दिवेलागणीला नाशिकच्या रामकुंडावर गोदाआरती सुरू होते, तेव्हा एकाच चौकटीत चार तऱ्हेचा उजेड असतो. आरतीच्या ज्योती नारिंगी, साधारण १९०० केल्विनच्या (प्रकाशाची छटा मोजायचं हे एकक: आकडा लहान तर प्रकाश पिवळट, मोठा तर निळसर). घाटावरचे एलईडी पांढरे. मागच्या दुकानांतले बल्ब पिवळे. आणि वर आकाशात उरलेला निळा प्रकाश, १०,००० केल्विनच्याही पुढचा. यातला कोणता प्रकाश 'पांढरा' धरायचा हे कुणीतरी ठरवावं लागतं. कॅमेऱ्यात फोटो साठवायचे दोन प्रकार, जेपेग आणि रॉ. जेपेगवर ठेवलेला कॅमेरा ते शटर मिटताच ठरवतो आणि उरलेलं सामान टाकून देतो. रॉवर ठेवलेला कॅमेरा आपला अंदाज फाइलवर टिपून ठेवतो, पण सामानाला हात लावत नाही.

पंचवटीत किंवा त्र्यंबकला शिधा द्यायची रीत ठाऊक असेलच. तांदूळ, डाळ, कणीक, गूळ, मीठ वेगवेगळं बांधून द्यायचं. रांधायचं ते घेणाऱ्याने. रॉ म्हणजे शिधा, जेपेग म्हणजे वाढलेलं ताट. ताटातल्या आमटीत मीठ जास्त झालं तर पाणी घालून ती पातळ करता येते, मीठ वेगळं काढता येत नाही. मात्र पोटात कावळे ओरडत असताना हातात शिधा असून उपयोग नाही. चूल हवी, वेळ हवा आणि स्वयंपाक यायला हवा.

'प्रोफेशनल लोक रॉच काढतात' हे आमच्या मते निवडीचं कारणच नव्हे. रॉमुळे दोनच गोष्टी पदरात पडतात: उजेड-अंधारात नंतर मागेपुढे सरकायला जागा, आणि रंगांचा तोल घरी बसून ठरवायची मुभा. समोरच्या दृश्याला यांची गरज आहे का आणि फोटो किती वेळात द्यायचा आहे, एवढं बघावं. बाकी सगळा मान-अपमानाचा मामला.

रॉ फाइलमध्ये असतं काय?

सेन्सरला रंग कळत नाही. त्यावरचा प्रत्येक बिंदू फक्त किती प्रकाश पडला एवढंच मोजतो. म्हणून प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर बसवलेला असतो. चारांच्या गटात दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बेयर यांची ही मांडणी, १९७६ मध्ये तिला पेटंट मिळालं, आणि फुजीफिल्मच्या काही मालिका सोडल्या तर आजही जवळपास सगळीकडे तीच वापरतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १ कोटी २० लाख बिंदू हिरवा मोजतात आणि साठ-साठ लाख लाल व निळा. प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरावे लागतात. याला डीमोझेकिंग म्हणतात. रॉ फाइलमध्ये हे भरणं अजून झालेलं नसतं, त्यामुळे ती खऱ्या अर्थाने चित्रही नसते. मोजमापांची वही म्हणा.

आकाराचा हिशेब यावरूनच लागतो. २ कोटी ४० लाख बिंदू, प्रत्येकाचा एक आकडा १४ बिटांचा: झाले सुमारे ४२ एमबी. कॅमेरा तेच आकडे काही न गमावता घडी घालून ठेवतो, म्हणून कार्डावर फाइल दिसते २५ एमबीच्या आसपास. तयार चित्रात प्रत्येक बिंदूला तिन्ही रंग द्यावे लागतात, ८ बिटांचे तीन आकडे, म्हणजे ७२ एमबी. हे ७२ दाबून जेपेग ८-१० एमबीवर आणतं. कुठून कापतं, ते पुढे येईलच.

रॉ फाइलच्या पोटात एक तयार जेपेगही लपलेला असतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तुम्ही बघता तो हाच. लाइटरूमसारख्या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की चित्र क्षणभर झळाळतं आणि मग फिकं पडतं, त्याचं कारण हे: आधी पोटातला जेपेग दिसतो, मग सॉफ्टवेअर स्वतःच्या पद्धतीने आकडे रांधायला घेतं. फाइल बिघडलेली नसते. कंपनीचीच छटा हवी असेल तर कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल किंवा निकॉनचं एनएक्स स्टुडिओ वापरा. दोन्ही फुकट आहेत आणि कॅमेऱ्यात निवडलेली पिक्चर स्टाइल (रंग नि कॉन्ट्रास्टचा तयार साचा) ती जशीच्या तशी पाळतात.

हिस्टोग्राम (कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा आलेख) आणि 'उडालेल्या', म्हणजे पार पांढऱ्या पडलेल्या, भागाची लुकलुकही त्याच पोटातल्या जेपेगवरून काढलेली असते. म्हणून रॉ काढणाऱ्याने पिक्चर स्टाइल 'न्यूट्रल' ठेवावी. 'व्हिव्हिड' ठेवली तर पांढरं धोतर उडालं असं पडदा सांगतो, घाबरून एक्स्पोजर कमी केलं जातं, आणि खरं तर रॉमध्ये अजून अर्धा ते एक स्टॉप जागा शिल्लक असते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). घरी येऊन अंधार उचलावा लागतो, सोबत नॉइझ, म्हणजे खरखरीत दाणाही, वर येतं. रॉ काढूनही फोटो खराब येतात ही तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा घोटाळा इथे असतो.

जेपेग काय कापतं

जेपेग हे एका समितीचं नाव: जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप. मानक १९९२ सालचं. त्याच्या मुळाशी असलेलं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, मूळचे बंगळुरूचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. आज मोबाइलमधला जवळजवळ प्रत्येक फोटो या तिघांच्या गणितातून जातो.

कॅमेरा आधी रांधून घेतो. डीमोझेकिंग, मग व्हाइट बॅलन्सप्रमाणे (कोणता प्रकाश पांढरा धरायचा त्या निवडीप्रमाणे) लाल-निळ्याचा गुणाकार, मग कॉन्ट्रास्ट, रंगांचा गडदपणा, नॉइझची सफाई, शार्पनिंग. शेवटी १४ बिटांचे आकडे ८ बिटांत बसवतो: जिथे १६,३८४ पातळ्या होत्या तिथे २५६. मग दाबायला सुरुवात.

पहिली कात्री रंगाला लागते. आपल्या डोळ्यांना उजेडातला बारीक फरक पटकन कळतो, रंगातला तितका नाही. म्हणून उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवली जाते आणि रंगाची दर दोन किंवा दर चार पिक्सेलांमागे एक. माणसाच्या चेहऱ्यावर हे कळतही नाही. देवळाच्या शिखरावरचा भगवा झेंडा निळ्या आकाशावर फडकतोय, अशा फोटोत कड मोठी करून बघा. भगव्याचा मळका धुरकट पदर एक-दोन पिक्सेल आकाशात उतरलेला दिसतो.

दुसरी कात्री बारीक पोताला. चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे पाडले जातात. प्रत्येक ठोकळ्यातले ६४ आकडे अशा रीतीने पुन्हा लिहिले जातात की पहिला आकडा ठोकळ्याची सरासरी सांगतो, पुढचे ढोबळ चढउतार, आणि शेवटचे अगदी बारीक दाणा. मग प्रत्येक आकड्याला तक्त्यातल्या एका भाजकाने भागून उत्तर पूर्णांकात घेतात. मानकासोबत दिलेल्या नमुना तक्त्यात पहिला भाजक १६ आहे, शेवटचा ९९. काळाराम मंदिराच्या काळ्या पाषाणाचा एक ठोकळा घेऊ. सरासरीचा आकडा समजा १५०: भागिले १६, आले ९.३७, ठेवले ९. उघडताना ९ गुणिले १६, मिळाले १४४. डोळ्याला फरक नाही. दगडाच्या दाण्याचा शेवटचा आकडा समजा ४०: भागिले ९९, आले ०.४, ठेवलं शून्य. उघडताना शून्यच. तो दाणा गेला. अशी शून्यं ओळीने जमली की फाइल लहान होते आणि दगड मेण चोळल्यासारखा गुळगुळीत दिसायला लागतो. कॅमेऱ्याच्या 'फाइन' सेटिंगमध्ये हे भाजक पुष्कळ लहान असतात, त्यामुळे नुकसान नजरेत येत नाही. 'बेसिक' किंवा 'नॉर्मल' निवडून कार्डावरची जागा वाचवण्यात मात्र काही अर्थ नाही.

एक गैरसमज इथेच मोडू. जेपेग उघडून बघितल्याने किंवा पेनड्राइव्हवर कॉपी केल्याने झिजत नाही. झिजतो तो बदल करून पुन्हा सेव्ह केल्यावर, कारण तो भागाकार पुन्हा होतो. त्यात क्रॉप केला असेल तर ठोकळ्यांच्या सीमा सरकतात आणि नव्या जागी नवी कात्री लागते. म्हणून जेपेगवर काम करायचं तर मूळ फाइल बाजूला ठेवा, मधल्या टप्प्यावर टिफ किंवा पीएसडी या न झिजणाऱ्या प्रकारांत सेव्ह करा, जेपेग शेवटी एकदाच.

अंधारातला हिशेब

पांडवलेण्यांतल्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात उभं राहून स्तूपाचा फोटो काढणं सोपं. दारातून बाहेरचं ऊन दिसेल असा आतल्या खांबांचा फोटो काढणं अवघड. भर दुपारी आत-बाहेरच्या उजेडात सहज आठ-नऊ स्टॉपचा फरक पडतो. आजचा चांगला सेन्सर मूळ आयएसओवर (संवेदनशीलतेच्या सगळ्यात खालच्या पायरीवर) १२ ते १४ स्टॉप पकडतो, म्हणजे माहिती त्याच्याकडे पोहोचते. प्रश्न ती कुठल्या फाइलमध्ये टिकते हा.

सेन्सरचे आकडे सरळ रेषेत वाढतात: उजेड दुप्पट, आकडा दुप्पट. त्यामुळे १४ बिटांच्या रॉमधल्या १६,३८४ पातळ्यांपैकी निम्म्या, ८,१९२, सगळ्यात उजळ एका स्टॉपमध्येच खर्च होतात. त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८, असं उतरत सातव्या स्टॉपला १२८. जेपेगमध्ये आकडे वक्ररेषेने वाटलेले असतात, म्हणून वाटप जरा समजुतीचं होतं: वरच्या स्टॉपला साधारण ६९, सातव्याला जेमतेम १०. आता लेण्यातला कोपरा सातव्या स्टॉपवर आहे आणि तुम्ही तो तीन स्टॉप वर उचललात. रॉकडे १२८ पायऱ्या होत्या, उतार सलग राहतो. जेपेगच्या दहा पायऱ्या ताणल्या की भिंतीवर पट्टे उमटतात, वर ठोकळ्यांच्या जाळीच्या रेघाही दिसू लागतात.

म्हणून रॉवर अशा जागी दारातल्या उजेडासाठी एक्स्पोजर लावायचं आणि आतलं नंतर उचलायचं. उलटं करू नका. तिन्ही रंगांचे बिंदू काठोकाठ भरले की तिथे मोजमापच उरत नाही आणि कुठल्याही सॉफ्टवेअरला काही परत आणता येत नाही. 'हायलाइट रिकव्हरी'चा स्लायडर ओढून येतो तो कोरा राखाडी ठिपका.

धुक्याचं उदाहरण मुद्दाम देतो, कारण तिथे भलेभले फसतात. जानेवारीत निफाडकडच्या द्राक्षबागांवर सकाळी धुकं उतरतं. दृश्य मऊ, कॉन्ट्रास्ट नाही, काही उडण्याची भीती नाही. जेपेग पुरेल असं वाटतं. जसंच्या तसं ठेवणार असाल तर पुरतंही. पण नंतर बागेच्या तारा नि खांब उठून दिसावेत म्हणून कॉन्ट्रास्ट ताणलात तर? धुक्याचं सगळं चित्र २५६ पैकी, समजा, ६० ते १२० या पातळ्यांतच बसलेलं. ६१ पातळ्या ताणून २५६ वर पसरल्या की हिस्टोग्राम कंगव्यासारखा दिसतो, दर चार पातळ्यांत तीन रिकाम्या. आकाशात वलयं उमटतात. धुक्याला रॉ हवा तो यासाठी.

हळद, शालू आणि व्हाइट बॅलन्स

रॉमध्ये व्हाइट बॅलन्स म्हणजे फाइलच्या कोपऱ्यात लिहिलेली चिठ्ठी. सॉफ्टवेअर ती वाचतं. तुम्ही बदललीत तर बदललेली वाचतं. आकडे जागच्या जागी राहतात. जेपेगमध्ये तो गुणाकार होऊन आकडे ८ बिटांत बसलेले असतात. बल्बच्या उजेडासाठीचं सेटिंग चुकून उन्हात राहिलं तर निळा चॅनेल काठाला लागतो, आणि लागला की लागला.

हळदीच्या कार्यक्रमात याची खरी परीक्षा होते. पिवळा मांडव, पिवळी साडी, पिवळी फुलं, गालावर हळद. ऑटो व्हाइट बॅलन्सला एवढा पिवळा रंग बघून वाटतं की दिवाच पिवळा आहे, आणि ते सगळं निळ्याकडे ढकलतं. हळद फिकी होते, चेहरे राखाडी पडतात, आणि प्रत्येक फ्रेमला वेगळे, कारण चौकटीत किती पिवळं आलं त्यावर अंदाज बदलतो. जेपेगवरच काम असेल तर मांडवात शिरताच ग्रे कार्डाचा (कुठल्याही रंगाकडे न झुकणाऱ्या राखाडी पुठ्ठ्याचा) एक फोटो काढून कस्टम व्हाइट बॅलन्स बांधून टाका, किंवा केल्विनचा आकडा पक्का करा. पांढऱ्या कागदावर विसंबू नका. कागदात निळसर चमक आणणारं रसायन असतं. रॉवर असाल तरी कार्डाचा एक फोटो घ्याच. घरी एका फ्रेमवर ड्रॉपर टेकवायचा आणि तो तोल त्या प्रकाशातल्या चारशे फ्रेमना एकदम लावायचा. दोन मिनिटांचं काम.

लाल शालूवर स्टेजचे लाल एलईडी पडले की आणखी एक गंमत होते. उजेडाचा एकत्रित हिस्टोग्राम अगदी शहाण्यासारखा मध्ये बसलेला दिसतो आणि लाल चॅनेल मात्र उजव्या भिंतीला चिकटलेला असतो. जरीची वेलबुट्टी एका सपाट लाल डागात विरघळते. कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम चालू करा. तिन्ही रंग वेगळे दिसले तरच हे कळेल. असा गडद लाल जेपेगच्या एसआरजीबी या नेहमीच्या रंगमर्यादेत मावत नाही म्हणून कापला जातो. रॉमध्ये तो बहुधा शाबूत असतो आणि सॅच्युरेशन उतरवलं की बुट्टी परत दिसते.

रॉ जे वाचवू शकत नाही

चुकलेला फोकस. हललेला हात. चुकीचा शटर स्पीड. एलईडीच्या लुकलुकीने चौकटीवर पडलेले आडवे पट्टे: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून अशा दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० वर राहावं, १/१२५ किंवा १/२०० वर नाही. कॅमेऱ्यात निवडलेला आयएसओही नंतर बदलता येत नाही, कारण वाढ बव्हंशी आकडा लिहिण्याआधीच झालेली असते. आणि एक उलटा सापळा. 'ॲक्टिव्ह डी-लाइटिंग' किंवा 'हायलाइट टोन प्रायॉरिटी' यांसारखी सेटिंग्ज चालू असली तर रॉचंही एक्स्पोजर कमी पडू शकतं. दुसरं सॉफ्टवेअर ती भरपाई करेलच असं नाही. रॉ काढताना ती बंद ठेवा.

जेपेग जिथे शहाणपणाचं

नांदूरमधमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. गोदावरी-कादवेच्या पाण्यावरून थवा उठतो तेव्हा सेकंदाला १० फ्रेम धरल्या तरी रॉचे २५० एमबी दर सेकंदाला तयार होतात. साध्या यूएचएस-१ कार्डाच्या वाटेची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे, आणि व्ही३० हा शिक्का फक्त ३० एमबीची हमी देतो. उरलेलं कॅमेऱ्याच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, साठतं, तो काही सेकंदांत भरतो, आणि कॅमेरा नेमका पक्षी वळताना अडखळतो. सकाळचं ऊन पाठीशी, पक्षी उजेडात, पाणी मध्यम तेजाचं, असं असेल तर फाइन जेपेगवर निःशंक जावं. एक्स्पोजर हाताने लावा; पांढऱ्या बगळ्यासाठी १/३ ते २/३ स्टॉप कमी. रोहित पक्षी संध्याकाळी सूर्यासमोर असतील तर मात्र रॉ, आणि फ्रेमचा वेग कमी करून छोटे छोटे बर्स्ट.

बातमीदारीत जेपेगच चालतं. २०१५ मध्ये रॉयटर्सने आपल्या फ्रीलान्स छायाचित्रकारांना सांगितलं की रॉवरून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातच निघालेला जेपेग पाठवा. कारणं दोन: वेग आणि चित्राचा खरेपणा. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या स्पर्धेत मात्र अंतिम फेरीतल्यांकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल तपासायला मागतात. येत्या सिंहस्थात घाटावरून दर दहा मिनिटांनी फोटो पाठवायचे असतील आणि मोबाइल नेटवर्क गर्दीने गुदमरलेलं असेल, तर १० एमबीची फाइलसुद्धा जड वाटेल.

पासपोर्ट फोटो, ओळखपत्रं, शाळेचे गट फोटो, जिथे दिवे तुमचे आणि रोज तेच, तिथे एकदा सेटिंग बसवून जेपेग काढणारा फोटोवाला मागासलेला ठरत नाही. त्याने स्वयंपाक आधीच चोख केलेला असतो.

दोन्ही काढायचे तर

रॉ + जेपेग हा पर्याय सोयीचा वाटतो, आणि बऱ्याचदा असतोही. एका क्लिकला साधारण ३५ एमबी, म्हणजे ६४ जीबी कार्डावर १,८०० च्या आसपास. नुसते रॉ २,५०० च्या घरात, नुसते जेपेग ७,००० पर्यंत. दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर रॉ एकावर, जेपेग दुसऱ्यावर. पण जेपेगसाठी जुनं मंद कार्ड लावू नका. दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय बफर रिकामा होत नाही, त्यामुळे मंद कार्ड दोघांनाही मागे ओढतं.

बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली तिसरी वाट: बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेनूतच रॉवरून जेपेग बनवता येतो. फक्त रॉ काढा, चहाला बसल्यावर हव्या त्या पाच फ्रेमना मेनूतून व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर देऊन जेपेग करा, वायफायवरून मोबाइलवर घ्या. नवरीच्या मामांना फोटो लगेच मिळतो आणि कार्डही भरत नाही.

मेनूत रॉचेही प्रकार दिसतील. 'अनकम्प्रेस्ड' घेण्यात फक्त जागा जाते. 'लॉसलेस कम्प्रेस्ड' असेल तर डोळे मिटून तेच निवडा. कॅननचं सी-रॉ किंवा निकॉनचं हाय एफिशियन्सी थोडी माहिती गमावतं, पण लग्नाच्या कामात फरक शोधून सापडत नाही. खोल अंधार उचलायचा असेल किंवा रात्री ताऱ्यांच्या रेघा टिपायच्या असतील तर ते टाळा. सोनीच्या जुन्या कम्प्रेस्ड रॉमध्ये अशा तीव्र कडांलगत खुणा दिसतात.

लग्नाच्या ३,००० फ्रेम म्हणजे रॉचे ७५ जीबी, दोन प्रती ठेवल्या की १५०. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. नव्या कॅमेऱ्याची फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली नाही तर अडोबीचा फुकट डीएनजी कन्व्हर्टर वापरा. डीएनजी हा २००४ पासूनचा खुला प्रकार आहे. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही फुकट सॉफ्टवेअर आहेतच. आणि रॉ फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवताना शेजारची एक्सएमपी फाइल विसरू नका. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तुमचं सगळं एडिटिंग त्या काही केबींच्या फाइलमध्ये असतं. ती मागे राहिली तर नव्या डिस्कवर पुन्हा कोरा शिधा.

लॅबला द्यायचा तो जेपेगच. १२ बाय ३६ इंचाचं अल्बमचं पान ३०० डीपीआयने ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल, रंग एसआरजीबी, क्वालिटी ९० च्या आसपास. अडोबी आरजीबीतली फाइल गेली आणि लॅबने प्रोफाइल वाचलं नाही तर शालू विटकरी छापून येतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की आकार आणि दर्जा दोन्ही घटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते.

मोबाइलचं थोडं वेगळं आहे. फोनचा नेहमीचा फोटो अनेक फ्रेम एकावर एक जुळवून बनतो. साध्या रॉमध्ये एकच फ्रेम असते, त्यामुळे रात्रीचा रॉ फोनच्या जेपेगपेक्षा जास्त खरखरीत निघतो. ॲपलचं प्रोरॉ, २०२० पासूनचं, जुळवलेल्या फ्रेमवरून बनतं. १२ मेगापिक्सेलला साधारण २५ एमबी, ४८ ला ७५. आयफोन एरवी फोटो एचईआयसी या वेगळ्या प्रकारात साठवतो. जेपेगपेक्षा जागा कमी लागते, दर्जा चांगला, पण सरकारी अर्जांच्या पोर्टलवर ती फाइल सहसा चढत नाही. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कम्पॅटिबल: एवढं केलं की पुढचे फोटो जेपेगमध्ये निघतात.

आता रामकुंडावरच्या त्या संध्याकाळसाठी सेटिंग. लॉसलेस रॉ, न्यूट्रल स्टाइल, एफ २.८, १/१०० सेकंद, आयएसओ १६०० पासून सुरुवात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, ४००० केल्विनवर पक्का, म्हणजे सगळ्या फ्रेम पडद्यावर सारख्या दिसतील आणि तुलना करता येईल. लुकलुक फक्त ज्योतींच्या गाभ्यात दिसली पाहिजे. पुजाऱ्यांच्या कपाळावर किंवा पांढऱ्या उपरण्यावर दिसली तर आयएसओ एक पायरी खाली. घरी आधी चेहऱ्यांसाठी तोल लावा, मग आकाशाला वेगळा मास्क घालून निळं परत आणा. ज्योतीचा गाभा पांढराच राहील. तिथे सेन्सरकडे मोजमाप नाही, आणि आरतीला उभं असलेल्या माणसाच्या डोळ्यांनाही तो तसाच दिसतो.